व्यवसाय शिक्षणातून लोकशाहीचा नागरिक घडतो का?

सावनी

नमस्कार मंडळी,

मी एका व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत शिकवते. प्रत्यक्ष ट्रेड नाही, त्याच्या जोडीचे विषय: कार्यशाळेचं गणित, अर्ज आणि पत्रव्यवहार, मुलाखतीची तयारी. पुढच्या सत्रापासून 'नागरिकत्व' या नावाने आठवड्याचे दोन तास माझ्याकडे येणार आहेत. त्यात काय करायचं हे बरंचसं माझ्यावर सोडलं आहे, म्हणून हा धागा.

आमच्याकडची मुलंमुली सतरा-अठरा वर्षांची. अभ्यासक्रम संपता संपता मतदार होतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचं हे वर्गात बसून घेतलेलं शेवटचं शिक्षण. कॉलेजात जाणाऱ्यांना पुढे काही वर्षं वाचायला, वाद घालायला, निवडणुका लढवायला मिळतात. आमची मुलं इथून थेट कामावर जातात. त्यामुळे जे काही द्यायचं ते आत्ताच द्यायला हवं, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

दोन सभागृहं, त्यांची सदस्यसंख्या, कोणाचे अधिकार काय, हे शाळेत पाठ करून झालेलं आहे. तेच पुन्हा घोकून घ्यायची माझी इच्छा नाही. नागरिकत्व कार्यशाळेतच शिकवता येईल असं मला वाटतं, कारण तिथे काम खरं असतं, यंत्रं कमी आणि हात जास्त असतात, धोकाही खरा असतो. सहकारी म्हणतात, "ती काम शिकायला आलीत, काम नीट शिकवा. चांगला कारागीर आपोआप चांगला नागरिक होतो." त्या 'आपोआप'वर माझा विश्वास बसत नाही.

तुमचे अनुभव, मतं, विरोध, सगळं येऊ द्या.

रंधा

चांगला विषय. तुमच्या सहकाऱ्यांची बाजू थोडी मांडतो.

सुतारकामात सांधा बसतो किंवा बसत नाही. तिथे बोलून वेळ मारून नेता येत नाही. गुण्या लावला की काटकोन आहे की नाही हे शिकवणाऱ्यालाही दिसतं आणि शिकणाऱ्यालाही. निदेशकाने "बरोबर आहे" म्हटलं तरी गुण्या "नाही" म्हणू शकतो. माझ्या मते ही लोकशाहीची पहिली सवय आहे: माणूस मोठा असला तरी माप सगळ्यांना एकच. ज्याने वर्ष-दोन वर्षं रोज मोजून बघितलंय, तो उद्या सभेतलं भाषण ऐकतानाही "कशावरून?" असं विचारेल.

तेजोमय

रंधा, विचारेलच असं नाही. कमालीचे अचूक काम करणारे कारागीर मी पाहिले आहेत. लेथवर शंभरावा भाग सोडणार नाहीत, आणि मोबाइलवर आलेली कुठलीही अफवा न तपासता पुढे पाठवतील. एका क्षेत्रातली काटेकोर नजर दुसऱ्या क्षेत्रात नेण्यासाठी कुणीतरी ती मुद्दाम न्यावी लागते. सावनीताईंचे दोन तास त्यासाठीच वापरावेत.

रंधा

हे मान्य. मुद्दाम न्यावी लागते. पण न्यायला काहीतरी हातात असावं लागतं, ते कार्यशाळा देते एवढंच म्हणणं आहे.

उत्तरायण

जवळपास हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला गेलाय. १९०० मध्ये जर्मनीतल्या एर्फुर्टच्या अकादमीने निबंधस्पर्धा ठेवली. विषय असा: प्राथमिक शाळा संपल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या वयात मुलग्यांना नागरी समाजासाठी कसं घडवावं? चौदाव्या वर्षी शाळा सुटायची, विसाव्याच्या आसपास सैन्य. मधली वर्षं मोकळी. बक्षीस मिळालं म्युनिकचे शिक्षणाधिकारी गेओर्ग केर्शेनश्टायनर यांना. त्यांचं उत्तर: मुलाच्या धंद्यातून जा. त्याला ज्यात रस आहे त्या कामापासून सुरुवात करा, मग त्या धंद्याचा इतिहास, त्याचं समाजातलं स्थान, इतर धंद्यांशी नातं, आणि तिथून राज्यव्यवस्थेकडे. म्युनिकमध्ये त्यांनी संध्याकाळच्या जुन्या पूरक शाळा मोडून धंद्यानुसार शाळा उभ्या केल्या, प्रत्येकीला कार्यशाळा जोडली. आजच्या जर्मन व्यवसाय शाळेची एक मुळी तिथे आहे.

आता दुसरी बाजू. केर्शेनश्टायनर यांना हवा असलेला नागरिक हा सम्राटाच्या राज्यातला नागरिक होता. कामगार मुलं समाजवादी पक्षाकडे झुकत होती, त्यांना राज्याशी बांधून ठेवायचं होतं. कामातून शिस्त, कर्तव्य, एकमेकांना साहाय्य हे सगळं होतं. राज्य कसं असावं हे त्या मुलाने ठरवायचं, हा भाग जवळपास नव्हता. म्हणजे पद्धत उत्तम, आणि त्या पद्धतीतून आज्ञाधारक प्रजाही घडवता येते. सावनी, तुमच्या सहकाऱ्यांना 'चांगला नागरिक' म्हणजे नेमका कोण अभिप्रेत आहे, हे एकदा विचारून बघा.

माईआजी

उत्तरायण, छान आठवण काढलीत. याचा धागा आपल्याकडेही येतो, तो सांगते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची, योजना तयार करायला समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. त्यांनी डॉक्टरेट बर्लिनला केली होती, १९२६ मध्ये, आणि केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. समितीच्या अहवालात हस्तोद्योगाबरोबरच नागरिकत्वालाही स्थान आहे. नव्या भारतात नागरिकाला आपले प्रश्न समजून घ्यावे लागतील, हक्क बजावावे आणि कर्तव्यं पार पाडावी लागतील, आणि त्यासाठी शाळा हा सहकाराने काम करणारा समाज असला पाहिजे, अशी ती मांडणी. गुलाम देशात बसून लिहिलेली, हे लक्षात घ्या.

मला त्या अहवालातला एक इशारा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या योजनेत आर्थिक बाजूवर भर देता देता सांस्कृतिक आणि शैक्षणिक उद्देशांचा बळी जाण्याचा धोका आहे, असं समितीने स्वतःच नोंदवलं. मुलाने किती सूत काढलं याचे हिशेब होत राहतील आणि ते काढताना तो काय शिकला हे कुणी विचारणार नाही, ही ती भीती. मी शिकवत होते तेव्हा ही भीती खरी ठरताना पाहिली आहे. किती जॉब, म्हणजे सरावाच्या वस्तू, पूर्ण झाले याचं रजिस्टर असायचं, मुलांनी मिळून काय ठरवलं याचं कुठेच नसायचं.

सडेतोड

सगळं वाचतोय. विरोधी मत मांडतो.

या मुलांना नोकरी हवी आहे. घरून तेवढ्याचसाठी पाठवलंय. प्रत्येक वेळी समाजाला काही सुचलं की त्याचा एक तास यांच्या वेळापत्रकात घुसतो: पर्यावरण, व्यसनमुक्ती, आता नागरिकत्व. आणि तो तास जातो कुठून, तर प्रात्यक्षिकातून. ज्याला वेल्डिंग नीट येतं, ज्याच्या हातात पैसा येतो, तो कुणापुढे वाकत नाही. माझ्या लेखी स्वाभिमानाने कमावणं हेच नागरिकत्वाचं सगळ्यात मोठं शिक्षण.

दुसरी भीती: या तासांच्या नावाखाली वर्गात राजकारण शिरेल. शिक्षक स्वतःची मतं मुलांवर लादतील. अठरा वर्षांचं पोर, निदेशकाच्या हातात त्याचे गुण. ते काय उलट बोलणार?

वेल्डरदादा

सडेतोड, वेल्डिंगचं नाव काढलंत म्हणून लिहितो. पैसा हातात आला की माणूस वाकत नाही हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

शिकाऊ उमेदवार म्हणून मी एका कारखान्यात होतो. बंद खोलीत काम, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, पाइप. जस्ताच्या धुराने ताप येतो हे पुस्तकात शिकलो होतो, संध्याकाळी अंगात कणकण भरायचीही. धूर ओढायचा पंखा भिंतीवर होता, पण बंद. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "शिकायला आलायस ना? मग शीक." बाकीचे जुने कामगार खाली बघत राहिले. त्यांना पगार होता, कौशल्य माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. कुणी बोललं नाही.

त्या दिवशीही मला नागरिकत्वाचं शिक्षण मिळालंच. बोलायचं नाही, बोललं तर एकटं पडतो, आणि नियम भिंतीवर लावायला असतो, हे ते शिक्षण. त्यासाठी वेगळा तास लागला नाही. म्हणून "नागरिकत्व शिकवावं की नाही" हा प्रश्नच मला पटत नाही. ते रोज शिकवलं जातंच. कोणतं शिकवायचं एवढंच आपल्या हातात आहे.

पंखा बंद असेल तर कुणाला सांगायचं, तोंडी की लेखी, त्याची पोच कशी घ्यायची, एकट्याने जायचं की चौघांनी मिळून, आणि सांगितल्यावर काढून टाकलं तर कुठे जायचं, हे मला शिकवणारा माणूस तेव्हा हवा होता.

जास्वंद

वेल्डरदादा, वाचून गलबलून आलं. शेवटचा परिच्छेद म्हणजे सावनीच्या पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रमच आहे.

नियमावली

वेल्डरदादांच्या प्रश्नाला कायद्याची बाजू जोडतो, कारण सगळ्या चर्चेचा कणा मला तिथे दिसतो.

कामगारांच्या सुरक्षेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १५५, साल १९८१. त्याच्या तेराव्या कलमानुसार जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं म्हणून कामगार बाजूला झाला, तर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये. जून २०२२ पासून हा करार संघटनेच्या मूलभूत करारांमध्ये गणला जातो. पण 'कामगार' कोण, याचं उत्तर प्रत्येक देश आपापल्या कायद्यात ठरवतो, आणि शिकाऊ मुलगा तिथेच अडकतो.

आपल्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १८ म्हणतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी कलम १४ ने लागू केल्या आहेत, एवढं बरं. म्हणजे वेल्डरदादांना पंख्याचा हक्क होता. पण कामगार म्हणून संघटित होऊन तो मागण्याची जागा नव्हती.

जर्मनीत उलट. तिथल्या आस्थापना कायद्यात प्रशिक्षण घेणारेही कर्मचाऱ्यांमध्ये मोजले जातात. जिथे कामगारांचं निवडून आलेलं मंडळ आहे आणि शिकाऊ किंवा अठरा वर्षांखालचे मिळून किमान पाच जण आहेत, तिथे ते दर दोन वर्षांनी आपले स्वतंत्र प्रतिनिधी निवडतात. पाच ते वीस जण असतील तर एक प्रतिनिधी, एकवीस ते पन्नास असतील तर तीन. हा प्रतिनिधी मोठ्या मंडळाच्या बैठकीला बसतो, आणि ठराव मुख्यतः शिकाऊंबद्दल असेल तर त्यावर मतही देतो. सगळ्यात सुंदर तरतूद पुढे आहे. प्रशिक्षण संपल्यावर अशा प्रतिनिधीला कायम करायचं नसेल, तर मालकाने ते तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. आणि त्या मुलाने मुदतीत लेखी मागणी केली तर त्याची नोकरी कायम धरली जाते. मालकाला ती टाळायची असेल तर न्यायालयात जावं लागतं. बोलणाऱ्या पोराच्या पाठीशी कायदा उभा आहे, ही गोष्ट तिथे अभ्यासक्रमाच्या पुस्तकाबाहेर, त्याच्या कामाच्या जागेवर त्याला कळते.

सडेतोड

नियमावली, ही माहिती नवीन होती, आभार. पण मग हे कायद्याचं काम झालं. सावनी यांच्या दोन तासांचं त्यात काय?

नियमावली

कायदा असून वापरता आला नाही तर तो कागदावर राहतो. जर्मनीत धंद्याच्या अंतिम परीक्षेत 'अर्थव्यवस्था आणि समाज' हा भाग असतोच, मग मुलगा मेकॅनिक असो की केशकर्तनकार. प्रशिक्षणाचा करार, कामाचे तास, सामाजिक विमा, सामूहिक वेतनकरार, मंडळाचे अधिकार, हे सगळं त्यात विचारतात. हक्क आणि तो वापरायचं ज्ञान, दोन्ही एकाच वेळी मुलाच्या हाती पडतात.

गणिती

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

व्यवसाय शिक्षण घेतलेले लोक मतदान आणि राजकीय सहभागात कॉलेजवाल्यांच्या मागे असतात, हे अनेक देशांत दिसतं. पण ते शिक्षणामुळे की घरामुळे? गरीब, कमी शिकलेल्या घरातली मुलं मुळात या मार्गाला जास्त जातात. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणं अवघड आहे. नागरिकत्वाच्या ज्ञानाची जी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये झाली, ती आठवीच्या मुलांची. म्हणजे वाटा फुटायच्या आधीची. नंतर काय होतं ते त्यातून कळत नाही.

स्वीडनमध्ये मात्र प्रत्यक्ष प्रयोगच झाला. १९९१ च्या सुधारणेने व्यवसाय मार्ग दोन वर्षांवरून तीन वर्षांचा केला आणि भाषा, समाजशास्त्र वगैरे सामान्य विषय वाढवले. हेतू असा की सगळ्यांना सारखा पाया मिळावा. त्या वाढीव वर्षाने राजकीय सहभागातली दरी मिटल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. २०११ मध्ये उलट फिरले: व्यवसाय मार्गाला समाजशास्त्राचा ५० श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम, कॉलेजकडे जाणाऱ्यांना १००. त्यावरही तिथे बरीच टीका झाली.

माझा निष्कर्ष असा की तास वाढवणं हे उत्तर नाही.

तेजोमय

गणिती, स्वीडनचं उदाहरण दोन्हीकडे वाचता येतं. तासांची संख्या वाढवून फरक पडला नाही, पण त्या तासांत काय होत होतं? त्याच चाचण्यांमधून, अगदी त्यांच्या आधी १९९९ मध्ये झालेल्या फेरीपासून, एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. ज्या वर्गात मुलांना मोकळेपणाने मत मांडता येतं, वादाच्या विषयावर शिक्षक दोन्ही बाजू येऊ देतो, तिथल्या मुलांचं नागरिकत्वाचं ज्ञानही जास्त असतं. म्हणजे वर्गातली हवा महत्त्वाची.

आणि "१०० त्यांना, ५० यांना" हा आकडा मुलांना काय सांगतो तेही बघा. देशाचा कारभार समजून घेणं हे तुमचं निम्मंच काम, असंच ना?

गणिती

मोकळ्या चर्चेचा संबंध दिसतो हे खरं. कारण सिद्ध झालंय असं म्हणणार नाही, पण दिशा बरोबर आहे. आणि ५०-१०० चा मुद्दा मलाही खुपतो.

जाई_मेकॅनिक

धाग्यात पहिल्यांदाच लिहितेय.

मोटार मेकॅनिकच्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी होते. कामाच्या वाटणीत माझ्याकडे नेहमी झाडझूड, भाग पुसणं आणि नोंदवही. इंजिन उघडायची वेळ आली की "तू बघ, लिहून घे." कुणी वाईट नव्हतं, सगळ्यांना ते सहजच वाटत होतं. मी भांडले नाही. नोंदवही माझ्याकडेच होती, तर मी कोण किती वेळ कुठल्या कामावर हे नुसतं लिहीत गेले, आणि महिन्याने ते पान फळ्याशेजारी चिकटवलं.

निदेशकांनी ते वाचलं आणि सगळ्यांना बसवून विचारलं, "हे बरोबर आहे का?" तासभर चर्चा झाली. बरीच तावातावाने. माझ्यासारखाच आणखी एक मुलगा, अबोल, तोही कायम सफाईलाच असायचा हे त्या पानामुळे सगळ्यांना दिसलं. त्याचं तर मलाही लक्षात आलं नव्हतं. मग फिरती पाळी ठरली, आणि ती मोडली तर कुणी बोलायचं हेही ठरलं.

त्यानंतर मी मतदान केलं, ग्रामसभेतही उभी राहून बोलले. पण लोकशाही म्हणजे काय हे मला त्या तासाभरात कळलं. आकडे समोर ठेवले की आवाज चढवावा लागत नाही.

माईआजी

जाई बाळा, शाब्बास. आणि त्या निदेशकांनाही. पान फाडून टाकणं त्यांना सोपं होतं.

वेल्डरदादा

जाईताई, तुमचं वाचून पंख्याची आठवण थोडी हलकी झाली. आमच्याकडे असं एक पान कुणी लावलं असतं तर!

जास्वंद

टूल रूमचा प्रमुख निवडून द्यायची पद्धतही सुरू करा. जो उमेदवार हरवलेला दहा नंबरचा पाना शोधून दाखवेल त्याला माझं मत आत्ताच जाहीर! :)

रंधा

जास्वंद, मग निवडणूक बिनविरोध होणार, कारण तो पाना आजवर कुणालाच सापडलेला नाही. :)

पण कल्पना गंभीरपणे घ्यावी अशी आहे. अवजारं सामायिक, कुणा एकाची नाहीत. ती नीट ठेवली नाहीत तर भोगतात सगळे. सार्वजनिक मालमत्तेचा याहून जिवंत धडा कुठे मिळणार?

उत्तरायण

निवडणुकीवरून अमेरिकेचं एक उदाहरण. तिथे शेतीचं व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या शाळकरी मुलांची संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली, फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका. या संघटनेत मुलं पदाधिकारी निवडतात आणि सभा चालवायच्या नियमांची चक्क स्पर्धा असते: ठराव कसा मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, अल्पमताला बोलायची संधी कशी द्यायची. शेती शिकता शिकता सभा चालवायला शिकणं.

आणि याच संघटनेची दुसरी बाजू: कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३५ पासून वेगळी राष्ट्रीय संघटना होती, ती १९६५ मध्ये विलीन झाली. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सदस्यत्व मिळालं १९६९ मध्ये. सभेचे नियम उत्तम पाठ होते, पण सभेत बसायचं कुणी हे आधीच ठरलेलं होतं.

त्याच देशात त्याआधी एक मोठा वाद झाला होता. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन म्हणत होते, उद्योगाला लागेल तसं काटेकोर प्रशिक्षण द्या, त्यासाठी वेगळ्या शाळा ठेवा. तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांनी १९१५ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, आहे त्या उद्योगव्यवस्थेत मुलाला बसवणारं व्यवसाय शिक्षण मला नको. ती व्यवस्था समजून घेईल आणि शेवटी बदलेल अशी बुद्धी देणारं हवं. दोन वर्षांत, १९१७ मध्ये, तिथे व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला, त्यासाठी वेगळं मंडळ नेमलं गेलं, आणि प्रत्यक्षात बरंचसं स्नेडन यांच्या बाजूने घडलं. सडेतोड आणि सावनी यांच्यातला वाद तोच आहे असं मला वाटतं.

सडेतोड

मला स्नेडन केलंत, हरकत नाही. :) पण वर्गात राजकारण शिरण्याबद्दल कुणी उत्तर दिलं नाही.

तेजोमय

देतो. १९७६ मध्ये जर्मनीत वेगवेगळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ बॉयटल्सबाख नावाच्या गावी याच प्रश्नावर भेटले होते. त्यातून तीन तत्त्वं निघाली आणि तिथे राज्यशास्त्र शिकवणारा प्रत्येक जण ती जाणतो. विद्यार्थ्यावर मत लादून त्याला भारावून टाकायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून त्यासाठी परिस्थितीवर प्रभाव टाकता आला पाहिजे.

तिसरं तत्त्व व्यवसाय शिक्षणासाठी सर्वांत मोलाचं. सतरा वर्षांच्या फिटरचं हित काय? किमान वेतन, सुरक्षा, बढती, यंत्रमानव आला तर माझं काय. या प्रश्नांवर कारखानदाराचं एक मत असेल, संघटनेचं दुसरं, ग्राहकाचं तिसरं. तिन्ही वर्गात येऊ द्या. निष्कर्ष मुलांवर सोडा.

सडेतोड

ही तीन तत्त्वं लिहून भिंतीवर लावणार असाल तर माझा निम्मा विरोध मागे. उरलेला निम्मा प्रात्यक्षिकाचे तास कापण्याबद्दल आहे, तो कायम.

अर्थिंग

वायरमन आहे, उशिरा आलो. सगळे हक्कांबद्दल बोलताहेत, मी जबाबदारीबद्दल लिहितो.

मी भिंतीत जी वायर टाकतो ती नंतर कुणाला दिसत नाही. अर्थिंग नीट केलं नाही तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, मालक खूश होऊन पैसे देतो. दहा वर्षांनी त्या घरात राहणारं लहान मूल फ्रिजला हात लावतं. ते मूल मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. माझ्या कामाचा परिणाम न भेटलेल्या माणसावर होतो, हे ज्याला मनापासून कळलं तो नागरिक. आमच्या धंद्यात सुरक्षेचे नियम पाठ करून घेतात. तो नियम का झाला, कुणी केला, त्याआधी किती जीव गेले, बदलायचा असेल तर कुठे कळवायचं, हे कुणी सांगत नाही. नियम वरून पडल्यासारखा वाटतो. म्हणून लोक तो तपासणीसापुरता पाळतात.

सावनीताई, प्रत्येक ट्रेडच्या एखाद्या नियमाचा जन्म शोधून काढायला लावा मुलांना. सरकार, कायदा, मानक ठरवणाऱ्या समित्या, सगळं त्यात आपसूक येईल.

सावनी

अर्थिंग, हे फार आवडलं. 'दोन सभागृहं पुन्हा नकोत' असं मी वर लिहिलं खरं, पण नियमाच्या मागून तिथवर गेलो तर ती घोकंपट्टी राहत नाही.

आता व्यावहारिक प्रश्न. याला गुण द्यायचे का? गुण नसतील तर मुलं गंभीरपणे घेत नाहीत. गुण दिले तर मला आवडेल तेच बोलतील.

तेजोमय

नेदरलँड्समध्ये व्यवसाय शिक्षणात नागरिकत्व सक्तीचं आहे. राजकीय-कायदेविषयक, आर्थिक, सामाजिक आणि आरोग्य-जीवनशैली अशा चार बाजू. त्याची परीक्षा न घेता विद्यार्थ्याने प्रयत्न केला की झालं, असंच तिथे फार काळ होतं, आणि त्यामुळे संस्थांगणिक दर्जा वरखाली, अशी तक्रारही झाली. स्वित्झर्लंडमध्ये शिकाऊंना सामान्य शिक्षणाचे वर्षाला १२० तास असतात आणि शेवटी स्वतः निवडलेल्या विषयावर सखोल काम सादर करावं लागतं, त्याला गुण असतात. मला दुसरी वाट बरी वाटते. मताला गुण नकोत, शोध आणि मांडणीला द्या.

जाई_मेकॅनिक

सभेचं इतिवृत्त लिहिण्यालाही गुण द्या. आळीपाळीने प्रत्येकाने लिहायचं. विरोधकाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहिता आलं तर पूर्ण गुण.

सावनी

जाई, हे मी जसंच्या तसं घेतेय.

तर आत्तापुरतं असं ठरवतेय. प्रात्यक्षिकाचा एकही तास कापायचा नाही, सडेतोड यांच्या शब्दाला मान. दोनपैकी एक तास वर्गात: प्रशिक्षणाचा करार ओळ न् ओळ वाचणं, पगाराची पावती, मग अर्थिंग यांचा 'नियमाचा जन्म', आणि अधूनमधून एक वादाचा विषय, त्या तीन तत्त्वांच्या चौकटीत. दुसरा तास कार्यशाळेत सभा: यंत्रांची पाळी, अवजारं, सुरक्षेची फेरी. सामान खरेदीतल्या छोट्या रकमेचा निर्णय मुलांवर सोडावा असं प्राचार्यांना सुचवणार आहे. निर्णय खरा नसेल तर सभा लुटुपुटूची होईल, आणि मुलांना ते लगेच कळतं.

निदेशकांपैकी एक जण सोबत यायला तयार आहेत. बाकीचे बघू म्हणाले.

नियमावली, सुरक्षेच्या फेरीनंतर तक्रार लेखी द्यायची तर नमुना कसा असावा?

नियमावली

साधा ठेवा. काय दिसलं, कुठे, कधी, काय होऊ शकतं. खाली तक्रार घेणाऱ्याची सही आणि तारीख, दोन प्रती. उत्तर किती दिवसांत, आणि आलं नाही तर पुढे कुणाकडे, हे नमुन्यातच छापलेलं असू द्या, म्हणजे मुलाला ते विचारायचं धाडस वेगळं गोळा करावं लागणार नाही. एकट्याच्या सहीऐवजी गटाच्या सहीची जागा ठेवा.

वेल्डरदादा

आणि काम तिथपर्यंत थांबवायचं की चालू ठेवायचं, हे ठरवणाऱ्याचं नाव. हुद्दा नको, नाव. फेरीच्या आधीच लिहून घ्या.

अर्थिंग

तो नमुना तयार झाला की इथे टाका. मी माझ्याकडच्या दोन शिकाऊ पोरांना वापरायला देतो, पहिली तक्रार बहुतेक माझ्याच विरुद्ध शिडीची येईल. दुरुस्त करायला टाकतोय उद्याच.